तीन टाक्यांचा समुद्र

आमचा टीव्ही बिघडला आणि दुरुस्तीला गेला तो गेलाच. बैठकीतला कोपरा ओकाबोका दिसायला लागला. तिथं काहीतरी ठेवावं, एवढंच माझ्या मनात होतं. काचेचं एखादं भांडं, त्यात दोन मासे. (माणसानं कोपरे रिकामेच राहू द्यावेत, हे मला आता पटलंय.)

माशांच्या दुकानात भिंतीवर एक चित्र होतं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, मागं जांभळी-हिरवी प्रवाळं.

"हे द्या," मी म्हणालो.

दुकानदार चंद्रप्पा हसला. "साहेब, ते समुद्रातले. खाऱ्या पाण्यातले. लातुरात कुणाकडं जगले न्हाईत."

"कुणाकुणाचे मेले?"

"कुणी आणलेच न्हाईत."

झालं! तिथंच मी ठरवलं की लातुरात समुद्र आणायचा.

ते साल दुष्काळाचं. शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. टँकरचा हॉर्न वाजला की गल्लीतली माणसं जेवणाचं ताट सोडून घागरी घेऊन पळायची. आणि मी तहसील कचेरीत टंचाई शाखेचा कारकून! अशा माणसानं घरात समुद्र बांधायला काढला, हे ऐकून माझी बायको सुमन लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. मग म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय ना?"

मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. वर मोठी टाकी, त्यात मासे आणि प्रवाळ. तिच्या खाली दुसरी टाकी, त्यात पाणी गाळायचं आणि पंपानं परत वर चढवायचं. बाजूला तिसरी, नव्या पाहुण्यांना आधी वेगळं ठेवायला.

"माणसाला प्यायला एक माठ, अन् माशाला तीन टाक्या?"

"अगं, ते नाजूक असतात."

"मी काय दगडाची हाय?" सुमननं अट घातली, "करा काय करायचं ते. पण घरातल्या पाण्याचा एक थेंब घ्यायचा न्हाई."

तिला वाटलं, विषय संपला. पण लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. प्रत्येक क्लासला एसी, आणि प्रत्येक एसीची नळी बाहेर टपटप गळत असते. मी तिथं कॅन लावले. कचेरी सुटली की स्कूटरवर पुढं दोन, मागं दोन कॅन लटकवून घरी यायचो. ते पाणी गाळायचं आणि त्यात मुंबईहून मागवलेलं खास मीठ कालवायचं.

"मीठ मुंबईहून?" सुमन म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मिठाला काय धाड भरलीय?"

मला कॅन नेताना पाहून गल्लीत बातमी पसरली की टंचाईवाल्या साहेबाला चोरून पाणी मिळतं. एक दिवस बसम्मा म्हातारी घागर घेऊन दारातच बसली.

"आजी, ते समुद्राचं पाणी आहे. खारं!"

"आमच्या बोअरचं काय साखरेचं हाय का?" आजी म्हणाली, आणि तिनं ओंजळभर पिऊन पाहिलं. मग पदरानं तोंड पुसत उठली. जाताना एवढंच म्हणाली, "उदगीर जिल्हा होणार होणार म्हणत्यात, व्हायचा तवा होईल. लातूरला समुद्र मात्र आला बाई."

असं करत टाक्या भरल्या. पाणी मुरू दिलं, मोजून पाहिलं, पुन्हा मुरू दिलं. शेवटी मुंबईच्या बसनं थर्माकोलच्या खोक्यातून मासे आणि प्रवाळ आले. तिसऱ्या टाकीतला त्यांचा मुक्काम संपला आणि मी त्यांना मोठ्या टाकीत सोडलं. निळ्या दिव्याखाली प्रवाळ फुलासारखं उमललं. मी चंद्रप्पाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "जगलेत खरं." सुमन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "लांबून बघतेस कशाला, जवळ ये," म्हणालो, तर म्हणाली, "मी तर भिंत बघायलेय."

आणि मग तो सोमवार उजाडला. मी कचेरीत एका गावाच्या टँकरचा खुलासा लिहीत होतो. फोन वाजला.

"अहो," सुमन म्हणाली, "तुमचा समुद्र बाहेर आलाय."

झालं असं होतं की लाइट गेली आणि पंप बंद पडला. पंपाच्या नळीतून पाणी वर जातं हे मला ठाऊक होतं. पंप थांबला की त्याच नळीतून ते उलटं खाली येतं, हे ज्या व्हिडिओत सांगितलं होतं तो मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. (शेवटी नुसत्या जाहिराती असतात, असा माझा समज.) वरची टाकी खाली उतरली, खालची भरून वाहिली. पाणी उंबरा ओलांडून अंगणात गेलं, आणि अंगणातल्या हौदात पडलं.

तो हौद आमचा आणि शेजारच्या निजामोद्दीनभाईंचा, दोघांत एक. नुकताच टँकर येऊन गेला होता. झाकण उघडंच होतं.

मी घरी पोचलो तेव्हा निजामभाईंच्या पत्नी गौसियाभाभी हातात पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यात चहा फाटला होता. निजामभाई टेलरिंगचं दुकान सोडून आले होते, गळ्यात अजून टेप. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रामकिशनभाई," ते हळूच म्हणाले, "लोगां पाणी चोरतेत, पळवतेत. तुम्ही पाण्याचं लोणचं घातलं."

मी तसाच आत गेलो. सुमन टाकीपाशी स्टुलावर बसली होती. पदर खोचलेला, हातात तांब्या. राखून ठेवलेल्या ड्रममधलं खारं पाणी ती उघड्या पडलेल्या प्रवाळावर घालत होती, आणि टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून उंचावरून परत सोडत होती.

"मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते," ती म्हणाली. "म्हटलं, हवा घालावी. नुसते बघत काय उभे राहिलात? दुसरा तांब्या घ्या."

लाइट येईपर्यंत आम्ही दोघं तांब्यानं समुद्र हलवत होतो.

"मोडून टाकतो हे सगळं," मी म्हणालो.

"मोडायचं न्हाई! आपल्या घरातले जीव हायेत ते. मोडायचं असंल तर आधी निजामभाईंचं पाणी भरून द्या."

टँकरचा कागद माझ्याच टेबलावर होता. पण स्वतःच्या हौदासाठी त्यावर नाव लिहायला हात धजला नाही. मी हंडे घेऊन वाटपाच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या बायांनी ओळखलं. "साहेब, टँकर सोडणारेच तुम्ही, अन् रांगेत?" मी हंडा पुढं सरकवला. निजामभाईंना पिण्याचं पाणी रांगेतून, धुण्याभांड्याला एसीचं. हौद उपसला, खरवडला, पुसला. पाठ वाकली, पण पुढचा टँकर येईस्तोवर भाभींचा एकही हंडा रिकामा राहू दिला नाही. पंपाच्या नळीला वर एक बारीक भोकही पाडलं. आता लाइट गेली की त्यातून हवा शिरते आणि पाणी जागेवर थांबतं.

हौद पुन्हा गोड्या पाण्यानं भरला, त्या संध्याकाळी भाभींनी नवा चहा करून पाठवला. निजामभाई स्वतः घेऊन आले. पहिल्यांदाच टाकीसमोर बसले. मीही रंगात आलो आणि सांगू लागलो, "या जातीत मादी मोठी असते, निजामभाई. सगळा कारभार तिचा. नर लहान. ती जेवल्याशिवाय तो पुढं येत नाही. तिनं नुसतं वळून पाहिलं तरी अंग थरथरवून दाखवतो, म्हणजे 'चुकलो' म्हणतो."

"अरे वा! एवढी बारीक माहिती?"

तेवढ्यात आतून सुमनचा आवाज आला, "अहो!"

मी बशी ठेवून ताडकन उभा राहिलो.

निजामभाईंनी माशाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चहाचा घोट घेत म्हणाले, "हां, आता कळलं कुठून आली ते."