सीलबंद बैल

वेल्डिंगला नाक मुरडणारं पोरगं अजून जन्माला यायचं आहे, असं मारोतराव गावंडे छातीठोकपणे सांगत. आर्णी रोडवरच्या एका आयटीआयत बावीस वर्षं वेल्डर ट्रेड शिकवलेला माणूस, त्याला तसं बोलायचा हक्कच होता. यंदा मात्र तसली पोरं एकदम सोळा निघाली, आणि सगळी त्यांच्याच वर्गात.

हजेरी कधी चार, कधी तीन. बाकीचे स्टँडवर, मोबाईलमध्ये डोकं घालून. "गावंडे, निकाल पन्नास टक्क्यांच्या खाली गेला तर ट्रेड बंद," असं प्राचार्यांनी बजावलं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना आपल्या वर्गाला आपल्या डोळ्यांदेखत कुलूप लागावं, या विचारानंच मारोतरावांना घास गोड लागेना. त्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी पोरांच्या म्होरक्याच्या, ऋतिक राठोडच्या तांड्यावरही जाऊन पाहिलं.

त्याची आई सोनीबाई चहा देत म्हणाली, "सर, तुमीच सांगा त्याले. माह्यं आयकत असता तर मी त्याले वावरात नसतं नेलं?"

ऋतिक ओट्यावर शेजारच्या लेकराचा लाकडी बैल दुरुस्त करत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहानग्यांनी चाकाचे बैल मिरवायचा दिवस. हे पोरगं दोन तास मान वर न करता काम करू शकतं, हे मारोतरावांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"ऋतिक, लाकडाचा कायले? लोखंडाचा करू. आपल्या वर्गात."

ऋतिकनं मान वर केली. "केवढा सर?"

"तू म्हणशील तेवढा."

हे वाक्य मारोतरावांना महागात पडणार होतं. दुसऱ्या दिवशी अकरा पोरं आली, तिसऱ्या दिवशी सोळा. बैल गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा झाला, खांद्याला लागला. पोरं रविवारची सुटीसुद्धा सोडायला तयार झाली. विश्वास टाकला की पोरगं सुधारतं, या सिद्धांतावर त्यांनी ऋतिकच्या हाती स्टोअरची किल्ली दिली. पोरगं खरंच सुधारलं. पोळ्याच्या दिवशीही ते वर्गात होतं.

परीक्षा नेमकी तान्ह्या पोळ्याला. वेळापत्रक करणाऱ्यांच्या गावी हा सण नसावा. सकाळी मारोतरावांनी स्टोअर उघडलं, तर परीक्षेसाठी जपून ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा रॅक रिकामा.

"पट्ट्या कुठं हायेत?"

ऋतिकनं बैलाकडे बोट दाखवलं. "पोट कमी पडून राह्यलं होतं सर."

मारोतराव वाकून बैलाच्या पोटातल्या पट्ट्या मोजू लागले. तेवढ्यात परीक्षक आत आले. सडपातळ, अबोल आणि नियमाला धरून चालणारा माणूस.

"प्रत्येकाचा जॉब, म्हणजे जोडकामाचा नमुना, दाखवा."

"साहेब, सगळ्यांचा मिळून हाच आहे," मारोतराव म्हणाले.

नशीब एवढंच, की सरांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येकानं आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकला होता. परीक्षक टॉर्च घेऊन बैलाच्या पोटाखाली शिरले. दीड तासानं बाहेर आले तेव्हा शर्ट काळा झाला होता, पण चेहरा नरमला होता.

"जोड उत्तम आहेत. आता कापून सुटे करा. जॉब सील करून ऑफिसला पाठवावे लागतात."

परीक्षकांनी गॅस कटर पुढे ठेवला. कोणी हात लावेना.

"ऋतिक, घे."

"नाई सर. नापास करा मले."

"मले बी," निकिता मेश्राम म्हणाली. वर्गातली ती एकटीच मुलगी.

अखेर मारोतरावांनी स्वतः कटर पेटवला आणि बैलाच्या मानेपाशी उभे राहिले. क्षणभरानं त्यांनी ज्योत विझवली. "साहेब, माझ्यानं नाही होणार." हे म्हणताना ट्रेड हातचा गेला, हे त्यांना कळत होतं. वाईट वाटत होतं, आणि हातून चूक होत नाही असंही वाटत होतं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मग अख्खाच सील करतो." त्यांनी शेपटीला दोरी बांधून त्यावर लाख ओतली.

टेम्पो चौकात उभा होता. पोरांनी बैल ढकलत नेला, तर लाकडी बैलवाली लेकरं आपोआप मागे लागली, कोणीतरी डफडं आणलं. किराणा दुकानवाल्या बेबीताईंनी या लोखंडी उत्तरपत्रिकेला कुंकू लावून ओवाळलं. मारोतराव पुढे, हातात सरकारी लिफाफा, चेहरा प्रेतयात्रेतला.

दोन महिन्यांनी निकाल आला. प्राचार्यांनी वाचून दाखवला.

"सील एक, म्हणून जॉब धरला एक. सीलजवळ नंबर आहे निकिता मेश्रामचा. ती पास. बाकी पंधरा गैरहजर."

"गैरहजर?" मारोतराव उठून उभे राहिले. "साहेब, ते तर सुटीतही—"

"ऐका तर. परीक्षेला बसले एक, पास एक. निकाल शंभर टक्के. ट्रेड वाचला, गावंडे. अभिनंदन."

मारोतराव वर्कशॉपमध्ये आले. सोळाही जण उभे होते. त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. शेपटी आपण जोडली याची निकिताला इतकी लाज वाटली, की तिनं मान खाली घातली. आता पोरं आपल्याला दोष देतील आणि उद्यापासून पुन्हा स्टँडवर बसतील, अशी मारोतरावांनी मनाची तयारी केली.

ऋतिकनं कान खाजवला. "म्हंजे आमाले पुन्हा परीक्षा द्या लागन?"

"हो."

"मंग उद्या कितीक वाजता येऊ सर?"

 मारोतरावांनी बोटांनीच आठ दाखवले.