मीटर दाखव

आमच्या शेजारच्या बबनअण्णांनी परदेशी गेलेल्या लेकीला पहिल्या व्हिडिओ कॉलवर काय विचारलं असेल? नीट पोचलीस का, जेवलीस का, करमतंय का? छे! लेक पडद्यावर दिसली, डोळे पुसत "अण्णा" म्हणाली, आणि हे म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आधी मीटर दाखव."

मी कपाळावर हात मारला. मला तेवढा हक्क होता. मोबाइल माझा, वायफाय माझं, आणि अण्णा बसले होते ती खुर्चीही माझीच. त्यांच्याकडं साधा बटनाचा मोबाइल. टचचा मोबाइल, घरात इंटरनेट, पाहुण्यांसाठी दुसरा पंखा, या सगळ्याला त्यांच्याकडं एकच नाव : फुकटचा खर्चा. म्हणून दर रविवारी दुपारी, तिकडं लेकीची, वैशूची, सकाळ असते तेव्हा, ते माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसतात आणि म्हणतात, "वहिनी, जल्दी लावा." मी ब्लाउजांना हुक लावता लावता बापलेकीचं सगळं ऐकते. ऐकू नये असं ते काही बोलतच नाहीत, माझा काय दोष?

अण्णांची इथं मंठ्याला पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याचा एक डोळा जात्याच्या दगडावर आणि दुसरा मीटरवर, हे समजू शकतं. पण यांची तऱ्हाच वेगळी. दळण संपत आलं की हे आधीच बटण बंद करतात, आणि शेवटची ज्वारी नुसत्या उरलेल्या गिरकीवर दळतात. बायका भांडायला येतात, "अण्णा, पीठ जाडं आलं!" हे शांतपणे सांगतात, "जाड्या पिठाची भाकर पोटाला बरी." आमच्या ओट्यावरचा दिवा दिवसा चालू दिसला तर आधी तो बंद, मग रामराम. एका लग्नात तर यांनी मांडवातला हॅलोजनच बंद केला. फोटोवाला बोंबलायला लागला तेव्हा वर तोंड करून त्यालाच म्हणाले, "ऊन पडलंय की एवढं! नवरी दिसू न्हाई राह्यली का तुला?"

वैशू त्यांची एकुलती एक लेक. ती कॉलेजात असतानाच तिची आई, आमची शांताबाई, गेली. पोरगी जिद्दीनं इंजिनिअर झाली, जर्मनीत नोकरी लागली, आणि तिथं एका म्हाताऱ्या बाईच्या घरात तिनं वरची खोली भाड्यानं घेतली.

तिकडची बिलाची रीत ऐकून मी तर चक्रावलेच. खोली गरम ठेवायचा खर्च दर महिन्याला भाड्यासोबत अंदाजानं आधीच भरायचा. वर्ष सरलं की खरा हिशेब. कमी वापरलं तर पैसे परत, जास्त वापरलं तर वरून द्यायचे. वैशू समजावून समजावून थकली, आणि अण्णांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हंजे सालगड्याची उचलच की गं! वर्षभर उचल, पाडव्याला हिशेब. फक्त इथं उचल मालकीण घेऊ राह्यली."

विजेचं मीटर मात्र भाडेकरूनंच वाचून कळवायचं, हे काही त्यांना पचेना.

"सोताच वाचायचं? अन् कंपनी मानती?"

"मानते, अण्णा."

"बिलकुल मानती? बघायला कुणी येत न्हाई?"

"नाही."

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तरीच पुढं गेले लेकाचे."

पण त्यांचा खरा जीव अडकला तो खिडकीखालच्या पांढऱ्या हीटरमध्ये. त्या हीटरला काडेपेटीएवढी एक डबी चिकटवलेली, आणि तिच्यावर आकडा. हीटर जेवढा चालेल तेवढा आकडा पुढं सरकणार. रविवारी अण्णा चष्मा कपाळावर चढवून मोबाइलला नाक लावायचे. मागच्या रविवारचा आकडा तोंडपाठ. तो होता तिथंच असला की मांडीवर थाप मारून ओरडायचे, "वा रे माझी वाघीण!" आणि असे खदाखदा हसायचे की मिशांतलं पीठ माझ्या कापडांवर झडायचं. मी कुरकुरायचे, पण खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं. शांताबाई गेल्यापासून त्यांचं हसू मी फक्त याच खुर्चीत ऐकलं.

मालकीणबाईचा नियम होता, कडाक्याच्या थंडीतही रोज सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या. अण्णा भडकले. "एका अंगानं गरम करायचं अन् दुसऱ्या अंगानं सोडून द्यायचं? म्हातारीला काय कळतंय! बंद ठेव खिडकी. अन् थंडी वाजली तर दोन स्वेटर घाल. गावाकडं केदारखेड्याला आम्ही थंडीत रातच्याला गव्हाला पानी दिलं, तिथं काय हीटर लावल्ता?"

वर्षाचा हिशेब झाला आणि वैशूला पैसे परत मिळाले. झालं! अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे! पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा यांनी साखर वाटली होती, तीही चिमूट चिमूट. लोकांना वाटलं वैशूचं लग्न ठरलं. "न्हाई न्हाई," अण्णा छाती फुगवून सांगत होते, "बिल परत आलं, जर्मनीहून!"

त्याच रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन ते कॉलला बसले. वैशू घरातच कानटोपी घालून बसली होती आणि बोलता बोलता खोकत होती. अण्णांचा हात पेढा दाखवायला वर गेला आणि तसाच राहिला.

"वैशू, तुझ्यामागं भितीवर ते काळं काय गं?"

"काही नाही. सावली आहे."

"सावली असती तर तुझ्यासंगं हलली असती. मोबाइल जवळ ने."

तिनं नेला. कपाटामागून वर छतापर्यंत भिंत काळीहिरवी झाली होती.

"बुरशी हाये ही," अण्णा हळूच म्हणाले. "पावसाळ्यात पिठाच्या डब्याला धरती तीच. घर गार अन् कोंदट ठेवलं की धरती. मालकीण काय म्हन्ली?"

वैशू खाली बघत म्हणाली, "म्हणाली, खोली गरम ठेवायची नसेल आणि खिडकी उघडायची नसेल, तर दुसरं घर बघ. आणि डॉक्टर म्हणाले, या खोकल्याला असली खोली चालायची नाही."

"अगं मंग लावायचा ना हीटर! मी म्हन्लो म्हून काय झालं? मी काय तिथं बघायला आल्तो का?"

"बघता की तुम्ही, दर रविवारी." वैशूनं कानटोपी खाली ओढली. "आकडा हलला नाही की तुम्ही हसता, अण्णा. आई गेल्यावर तुम्ही दुसरं कशालाच हसला नाहीत. मी आठवडाभर त्या हसण्याची वाट बघते."

हुक लावता लावता माझी सुई थांबली. अण्णांनी पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर. बराबर मोठा कर. अन् खिडकी उघडत जा, म्हातारी शहाणी हाये, मीच येडा. ते परत आलेले पैसे समदे त्या भितीला लाव."

वैशूनं उठून हीटर लावला. मग नाक पुसून म्हणाली, "आता तुमचं मीटर दाखवा."

"गिरनीचं?"

"घरचं. काकू, तुम्ही दाखवा. ते नाही दाखवायचे."

मी मोबाइल घेऊन शेजारी गेले. अण्णा मागून "काय बघायचंय त्यात" म्हणत आले. घरात काहीही चालू असलं की मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकत राहतो. अण्णांचा ठिपका निपचित होता.

"फ्रिज?" वैशूनं विचारलं.

"एकट्याला काय ठेवायचं त्यात?"

मी आत जाऊन बटणं दाबली. स्वयंपाकघरात बल्बच नव्हता. माजघरातला होता, तो लागला, तर खाली सगळीकडं धूळ. इतकी वर्षं शेजारी राहून मला पत्ता नव्हता की हा माणूस गिरणीतच जेवतो आणि तिथंच पोत्यांवर झोपतो.

"अण्णा, बिलासाठी एवढं?" वैशू रडायलाच लागली.

अण्णा उंबऱ्यातच उभे होते. "बिलाचं न्हाई गं," ते म्हणाले. "दिवा लावला की घर रिकामं दिसतं."

मी पदर तोंडाला लावला. वैशूनं मात्र तिथल्या तिथं अट घातली. अण्णांच्या मीटरचा आकडा हलला, तरच तिच्या हीटरचा हलेल. बापाचीच लेक, सौदा करणारच.

आता भिंत रंगवून झाली, खोकला गेला आणि मालकीणबाईनं वैशूला ठेवून घेतलंय. रविवारी आधी तिकडचं मीटर, मग इकडचं.

परवा शनिवारी संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले, तर अण्णांच्या घरात दिवाळी. ओसरीत दिवा, माजघरात दिवा, स्वयंपाकघरात नवा बल्ब, टीव्हीवर कसली तरी मालिका चाललेली. अण्णा पंख्याखाली ताट घेऊन बसले होते, दुसऱ्या खोलीतलाही पंखा फिरत होता, आणि त्या खोलीत माणूस नव्हतं.

आयती संधी होती, मी कशाला सोडू? "काय हे अण्णा, फुकटचा खर्चा!" म्हणत मी त्या पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"हात लावू नका, वहिनी," तोंडातला घास तसाच ठेवून ते घाईनं म्हणाले. "उद्या पोरगी आकडा बघती. हलला न्हाई तर तिकडं गारठंल ती."