भोपळ्याला जॅमर

ऐरोलीत एप्रिलचं ऊन असं पडलं, की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायला सांडशी लागावी. गावठाणाच्या कडेला विमलबाईंचा तळहाताएवढा मळा आहे. पालक आणि कोथिंबीर करपू नये म्हणून त्यांनी वर हिरवी जाळी ताणली, वाफ्यांत पेंढा अंथरला आणि रोज उजाडायच्या आत पाणी दिलं. पालक टवटवीत झाला.

ही सावली प्रथम हेरली ती समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी सुचिता मॅडमनी. "मावशी, पाचच मिनिटं हं," म्हणत त्यांनी गाडी जाळीखाली घातली. मे उजाडला तरी ती पाच मिनिटं संपली नव्हती.

"गारी भायेर कारा ना, मॅडम. माजा पालक दबलाय."

"अहो, नवी गाडी आहे. रंग उडाला तर परत येतो का? पालक काय, पुन्हा उगवेल."

हा युक्तिवाद सोसायटीला इतका पटला, की सभेने 'उन्हाळी छाया-नियोजन' हा ठराव एकमताने मंजूर केला. वाफ्यांना स्लॉट म्हणायचं ठरलं. पेंढ्यामुळे टायर गार राहतात, हेही एका इंजिनिअर सभासदाने निदर्शनास आणून दिलं.

विमलबाईंनी तक्रार केली. पार्किंगचे निरीक्षक कारकुनाला मागे बसवून आले, त्यांनी आधी आपली मोटरसायकल सावलीत लावली आणि मग पाहणी केली.

"ज्या अर्थी इथे गाड्या आहेत, त्या अर्थी हे पार्किंग. मग हा पालक कुणाच्या परवानगीने उभा आहे? स्टिकर कुठाय याचं?"

"काय ओ साहेब, भाजी हाय ती! भाजीला कुठं स्टिकर असतं?"

"म्हणजे नाही. लिहून घ्या."

पालक मुळासकट टोइंगच्या गाडीत चढला. कडेचा लाल भोपळा काही हलेना, म्हणून त्याला जॅमर लावला. विमलबाई रडकुंडीला आल्या, तेव्हा सुचिता मॅडमना खरोखर वाईट वाटलं. माणुसकीच्या नात्याने त्यांनी पालकाला सोसायटीचं उघडं, रिकामं पार्किंग देऊ केलं. तिथे दुपारपर्यंत त्याचा पापड झाला.

वाचली फक्त कोथिंबीर, दोन गाड्यांच्या फटीत. विमलबाईंना आता जाळीखाली जागा उरलेली नाही. त्या जुड्यांची टोपली घेऊन उन्हात उभ्या राहतात आणि सावलीतल्या गाड्यांच्या काचा वाजवतात. आपण एसी चालूच ठेवून काच बोटभर खाली करतो आणि विचारतो, "मावशी, कोथिंबिरीचे कसले पैसे?"