भगवंतराव कुलूप निवडतात

भगवंतराव मोहोड घराला कुलूप लावत आणि मग त्या कुलपाला लटकत. लटकत म्हणजे खरोखर लटकत. दोन्ही पाय ओट्यावरून उचलून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन क्षण अधांतरी. कुलूप टिकलं की खाली उतरत, टोपी सारखी करत आणि कचेरीकडे निघत. अमरावतीच्या आमच्या गल्लीत तेव्हा घड्याळं फारशी नव्हती. सकाळी भगवंतराव दाराला लोंबकळले की बायका मुलींच्या वेण्या घालायला बसत आणि मी शाळेत जायला चपला शोधत असे.

त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. भगवंतराव कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे निकालांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायच्या. तीस वर्षं त्यांनी चोरी, घरफोडी आणि दरोडा एवढंच लिहिलं होतं. माणसं पोथी वाचून भाविक होतात, भगवंतराव निकाल लिहून सावध झाले होते. जगात दोनच प्रकारचे लोक असतात असं त्यांचं मत होतं: शिक्षा झालेले आणि अजून व्हायचे राहिलेले. मी दुसऱ्या प्रकारातला, पण शेजारी म्हणून ते सांभाळून घेत.

बोलणंही निकालातलंच. चहा आला की तो ‘सदरहू चहा’. दूधवाला म्हणजे ‘मजकूर इसम’. दारात कुणी उभं राहिलं तर ‘या, बसा’ ही पद्धत नव्हती. ‘कामकाज काय?’ असं विचारत. कामकाज नसलेली माणसं मग परत येत नसत. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली होती, तिची पत्रं येत आणि ती तारीखवार दोऱ्यात ओवून ठेवली जात.

नवे पैसे चालू झाले त्या सुमारास मुलीनं त्यांना जबलपूरहून रेडिओ पाठवला. बाबा, तुम्ही एकटे असता, तेवढीच घरात सोबत, असं तिनं लिहिलं होतं. भगवंतरावांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता घरात चोरण्यासारखी वस्तू आली. रेडिओ त्यांनी कपाटात ठेवला, कपाट बंद केलं आणि वर गोधडी टाकली. बातम्या ऐकायच्या तर गोधडीत डोकं घालून ऐकत, कारण आवाज बाहेर गेला तर सदर वस्तू घरात असल्याचा पुरावा होतो. सोबत म्हणून आलेला रेडिओ असा भूमिगत झाला.

मग दाराच्या कुलपाचा प्रश्न निघाला. जुनं कुलूप एका पत्र्याच्या पेटीसोबत फुकट आलेलं होतं. आजवर तेच लटकून लटकून चाललं होतं, पण रेडिओच्या घराला फुकटचं कुलूप शोभेना. गल्लीत त्यांनी सल्ला विचारला. कुलूप हा असा विषय आहे की ज्याच्या घरात कधी चोरी झाली नाही तो स्वतःला त्यातला जाणकार समजतो, आणि ज्याच्या घरी झाली तो तर समजतोच. पोस्टमास्तर म्हणाले, अलिगडी घ्या. आमचे हेडमास्तर म्हणाले, अलिगडी सोडून काहीही घ्या. भुसार मालाच्या दुकानदाराचं म्हणणं पडलं की कुलूप कोणतंही चालतं, वर लिंबू-मिरची पाहिजे.

बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं एक वजनदार कुलूप गल्ल्यावर आपटलं आणि हत्तीनं ओढलं तरी तुटत नाही म्हणून सांगितलं. भगवंतरावांनी शांतपणे विचारलं, कोणत्या हत्तीनं ओढलं, कुठं, आणि त्या वेळी हजर कोण होतं. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी पाच लिव्हरचं एक आणि सात लिव्हरचं एक, अशी दोन कुलपं घेतली. एकाचा भरवसा नसेल तर दोन लावावीत, हा त्यांचा हिशेब होता.

दोन्ही कुलपं एकाच कडीत बसवली आणि ती एकमेकांना अडली. एक उघडायला गेलं की दुसऱ्याचा दांडा त्याच्या भोकावर येई. संध्याकाळी दमून आलेले भगवंतराव अर्धा तास स्वतःच्या ओट्यावर स्वतःच्या घराशी झुंजत. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे जेवले, कारण आत जाताच आलं नाही. चोराला बाहेर ठेवायच्या आधी कुलपांनी मालकाला बाहेर ठेवलं. एवढं झाल्यावर दुसरा कुणी शहाणा झाला असता. भगवंतरावांना मात्र वाटलं की आपली चौकशीची दिशा चुकली.

“मास्तर,” ते मला म्हणाले, “कुलूप चांगलं का वाईट, हे इकणाऱ्याले काय समजते? उघडणाऱ्याले इचारा लागते.”

उघडणारा त्यांना माहीत होता. अकोल्याचा सुपडाजी. चार वेळा शिक्षा झालेला घरफोड्या. चारही निकालांची नक्कल भगवंतरावांच्या हातची, त्यामुळे सुपडाजीच्या कौशल्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांना ते निकाल पाठ होते. इतक्या आदरानं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मला त्यांनी पंच म्हणून नेलं होतं. अकोल्यात विचारत विचारत गेलो, तर सुपडाजी कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर चौकीदार निघाला. चोरापेक्षा चांगला राखणदार मिळायचा नाही, असं मालकानं ठरवलं असावं. साठीपुढचा माणूस, पांढऱ्या मिशा, अंगावर स्वच्छ बंडी. भगवंतरावांनी ओळख करून दिली ती अशी, की तुमचे चारही निकाल मी लिहिले, तिसरा सर्वांत उत्तम होता. सुपडाजी क्षणभर पळावं की पाया पडावं या विचारात दिसला. मग त्यानं आम्हाला बाजेवर बसवून पाणी दिलं.

कामकाज ऐकल्यावर मात्र तो नाही म्हणाला. ते धंदे सोडून दहा वर्षं झाली होती, म्हातारीला शब्द दिला होता, म्हातारी गेली तरी शब्द होता.

“चोरी थोडीच कराची हाय?” भगवंतराव म्हणाले. “घर माहं, कुलूप माहं, हुकूम माहा. कागदावर लिहून देतो.”

त्यांनी खरंच लिहून दिलं. तिथंच, बाजेवर, झरझर सुंदर अक्षरात. सदर इसम हा खाली सही करणाऱ्याच्या संमतीनं, दिवसाढवळ्या, पंचासमक्ष कुलूप उघडेल, आणि तो गुन्हा समजू नये. खाली मी सही केली. सुपडाजीला वाचता येत नव्हतं, पण त्यानं तो कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. सरकारी माणसानं त्याच्या बाजूनं लिहिलेला तो पहिलाच कागद असावा.

त्यानंतर रविवार सुरू झाले. सकाळच्या गाडीनं सुपडाजी येई. पहिल्या रविवारी अख्खी गल्ली जमली होती. बायकांनी आदल्या दिवशीच पितळेची भांडी ओट्यावरून आत नेली होती, आणि मग भांडी आत टाकून स्वतः बघायला बाहेर आल्या होत्या. सुपडाजीनं पाच लिव्हरच्या कुलपात तार घातली, कान लावला, आणि एखाद्या लेकराची समजूत काढावी तसं ते कुलूप उघडलं. सात लिव्हरच्या कुलपाला चिलीम विझायच्या आत मान टाकावी लागली. भगवंतरावांनी वहीत लिहिलं: सदरहू कुलूप अपात्र.

जाता जाता सुपडाजीनं मधल्या भिंतीवर थाप मारली आणि ती नुसती मातीची असल्याचं सांगितलं. कुलपाच्या वाटेला आपण उभ्या जन्मात फारसे गेलो नाही, भिंतच बरी पडते, असंही तो म्हणाला. मी हादरलो, कारण त्या भिंतीला लागून माझं घर होतं. भगवंतराव अजिबात हादरले नाहीत. भिंतीचा मुद्दा सदर प्रकरणात नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या रविवारची तारीख दिली.

रविवारमागून रविवार कुलपं अपात्र होत गेली. कुणी नागपूरहून आणलेलं, कुणाच्या मामाच्या गोदामातलं, एक तर परतवाड्याच्या बाजारात सापडलेलं. हळूहळू बघ्यांचा उत्साह संपला. कुलपाला पाच मिनिटं लागत आणि सुपडाजी मात्र शेवटच्या गाडीपर्यंत थांबायला लागला. भगवंतराव वांग्याची भाजी आणि रोडगे करत. इतकी वर्षं भिंतीपलीकडून मला कधी फोडणीचा वास आला नव्हता, तो यायला लागला. जेवण झालं की दोघं तिसऱ्या निकालावर चर्चा करत. सरकारी वकिलानं मांडलेली हकीकत कुठं चुकली ते सुपडाजी समजावून सांगे आणि भगवंतराव इतक्या वर्षांनी नक्कल दुरुस्त करत. मग रेडिओ लागे. कपाट उघडं, दार उघडं, गोधडी सुपडाजीच्या मानेखाली. चार वेळा शिक्षा झालेला माणूस त्या रेडिओपासून हातभर अंतरावर घोरत पडलेला असे, आणि घराचे मालक वारा यावा म्हणून दाराला पाट लावून ते उघडं राहील अशी व्यवस्था करत. सुरक्षिततेचा हा प्रकार माझ्या समजण्यापलीकडचा होता.

त्या हिवाळ्यात सुपडाजी आजारी पडला. तीन रविवार आला नाही. त्या तीन रविवारी भगवंतराव ओट्यावर बसून प्रत्येक टांग्याकडे बघत होते. मी विचारलं तर म्हणाले की प्रकरण विनाकारण लांबून राहिलं.

चौथ्या रविवारी सुपडाजी आला, बराच वाळलेला. नेमकं त्या दिवशीचं कुलूप नामी होतं. चिखलदऱ्याच्या एका बंगल्याचं सामान लिलावात निघालं होतं, त्यातलं, साहेबाच्या काळातलं, नारळाएवढं. नव्या कुलपाची बातमी फुटल्यामुळे माणसंही बरीच जमली होती. सुपडाजीनं तार घातली. त्याचा हात थरथरत होता. तार एकदा पडली, उचलली, पुन्हा पडली. अर्धा तास गेला, त्याच्या कपाळावरचा घाम मिशीत उतरला. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं की आता दार वाजवून पाहा, बाप्पा. लोक हसले. मीही हसलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

सुपडाजीनं तारा पिशवीत ठेवल्या.

“चांगलं कुलूप हाय, साहेब,” तो म्हणाला. “लावून टाका. आता माहं काम उरलं नाही.”

तो जेवायला थांबला नाही. गल्लीनं भगवंतरावांचं अभिनंदन केलं. एवढ्या शोधानंतर अखेर कुलूप सापडलं होतं. त्या दिवशी वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. रोडगे त्यांनी माझ्याकडे आणून दिले, सगळेच्या सगळे.

त्या आठवड्यात त्यांनी कचेरीतून रजा घेतली. तीस वर्षांत रजा फक्त बायको वारली तेव्हा घेतली होती. अकोल्याला जाऊन त्यांनी सुपडाजीला सांगितलं की रविवारची तपासणी कायद्यात बसत नाही. आरोपी आजारी, वर गर्दीचा दबाव, आणि पंच हसला. फेरतपासणी करावी लागेल. सुपडाजी यायला तयार नव्हता, हे मला नंतर कळलं. भगवंतराव दिवसभर त्या जिनिंगच्या फाटकावर बसून राहिले होते.

पुढच्या रविवारी भगवंतरावांनी सगळ्या गल्लीला मज्जाव केला. ओट्यावर आम्ही तिघंच होतो. चिखलदऱ्याचं ते कुलूप बंद करतानाही किल्ली दोनदा फिरवावी लागे. भगवंतरावांनी कडीत दांडा घातला, कुलूप दाबलं, किल्ली भोकात घातली. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो. किल्ली त्यांनी फिरवलीच नाही. तशीच बाहेर काढली आणि खिशात टाकली. मग माझ्याकडे बघितलं. शिक्षा व्हायची राहिलेल्या माणसानं मॅजिस्ट्रेटकडे बघावं तसं. मी आभाळाकडे बघितलं.

सुपडाजी पुढं झाला. तार आत गेली. थरथर तशीच होती. त्यानं कुलूप जरासं खाली ओढलं आणि ते सरळ त्याच्या हातात आलं.

तो काही वेळ ते तळहातावर घेऊन उभा राहिला. दांड्यावरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. रविवारमागून रविवार कुलपं उघडलेल्या बोटांना काय कळलं असेल, ते कळण्यासाठी मला भूगोल सोडून दुसरं काही येण्याची गरज नव्हती. त्यानं मान वर केली. भगवंतराव पायातल्या जोड्यांकडे बघत होते.

“हे बी कामाचं नाही, साहेब,” सुपडाजी म्हणाला. “दुसरं पाहा लागते.”

“पाहू ना,” भगवंतराव म्हणाले. “काय घाई हाय?”

दोघं आत गेले. मी पुढे दोन वर्षं त्यांच्या शेजारी होतो, मग माझी बदली झाली. तोवर भगवंतरावांचं कुलूप काही ठरलं नव्हतं.