घोळक्यातली नात

नातीचं नाटक पाहायला आजी दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आली, आणि नातीने दारातच सांगून टाकलं की स्टेजवर ती ओळखू येणार नाही.

नाटक मुलांच्या एका कादंबरीवरून बसवलेलं होतं. तिच्यातल्या शहरात सगळ्यांचे कपडे राखाडी आणि चाल एकसारखी. हसायचं तेही सगळ्यांनी एकदम. शेवटी एक मुलगी हात वर करून 'मी वेगळी आहे' म्हणते आणि शहर हादरतं. ती मुलगी म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंची भाची. नात घोळक्यात. शिंप्याने एकाच कापडाचे झगे शिवले होते, नाकापर्यंत येणाऱ्या टोप्यांसकट.

"पोटच्या पोरीची पोर मला ओळखू येणार नाही होय?" आजी म्हणाली. पण मुलगी-जावई दूर गेल्यापासून नात तिला फोनवरच दिसे, आणि फोनवर एकतर नातीचं कपाळ दिसे, नाहीतर घराचं छत.

पडदा वर गेला. आजीने चष्मा दोनदा पुसला. डावीकडचं एक ध्यान किंचित डुलत होतं. आजीचा जीव सुपाएवढा झाला. हीच ती. तिने हात हलवला. त्या झग्यातूनही एक हात हळूच हलला.

विंगेतून नाटकाच्या सरांनी डोळे वटारले. पण त्या झग्याशेजारच्या पोराला वाटलं, सरांनी ऐनवेळी काहीतरी बदललं असावं. त्यानेही हात हलवला. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता अख्खं राखाडी शहर प्रेक्षकांना टाटा करू लागलं. त्या गर्दीत भाचीने हात वर केला तो कुणाला दिसलाही नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा सरांनी पुढे येऊन नम्रपणे मान लववली.

कडेला एकच झगा खांबासारखा ताठ उभा होता.

"तो ठोंब्या कुणाचा हो?" आजीने शेजारच्या बाईंना विचारलं.

नाटक संपल्यावर डावीकडचं ध्यान धावत आलं. आजीने हात पसरले. टोपी मागे सरली, तर आत भलताच चेहरा. त्या पोरीच्या घरून कुणी आलं नव्हतं, एवढंच ती म्हणाली, आणि आजीने मिठी मारूनच तिला सोडलं.

मागे खांब उभा होता.

"सर म्हणाले होते हलायचं नाही. मी नाही हलले," टोपीतून आवाज आला. "सगळ्यांत मी एकटीच वेगळी होते, आजी. तरी तुला दिसले नाही."

"दिसलीस की गं," आजी कशीबशी म्हणाली. "शेजारच्या बाईंना विचारलंसुद्धा, तो ठोंब्या कुणाचा म्हणून."

 टोपीच्या आतून खुदकन आवाज आला. आजीने तिला जवळ ओढलं, आणि मागच्या खेपेला कमरेशी विसावणारं ते डोकं थेट तिच्या हनुवटीवर आपटलं.