अप्पांची तुरटी

शेजारच्या अप्पांच्या हंड्यात मी तुरटीचा अख्खा खडा टाकला आणि विसरलो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसानं!

बसवणप्पा, म्हणजे आमचे अप्पा, यांच्याकडे तुरटीचे तीन खडे. एक पाण्याचा, एक दाढीचा, एक गुळण्यांचा. एकदा मी दाढीचा खडा पाण्यासाठी उचलला, तर म्हणाले, "मास्तर, चपलेनं देव्हारा झाडता का?" गल्लीत कुणाला ब्लेड लागलं, कुणाचं तोंड आलं, की अप्पा हजर. "गुळणी करा, पर गिळू नका!" टँकरचं गढूळ पाणी आलं की घरोघरी बजावणार, "खडा सात डाव फिरवा आन् भाईर काढा. गाळ बसतो, जंतू मरत न्हाईत. पाणी उकळाच!" त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून हे घरोघरी जाणं जरा वाढलंच होतं.

त्या रविवारी नांदेडहून मुलगा-सून यायचे होते. अप्पांना एकटं राहणं जमतंय का ते बघायला. नसेल जमत, तर सोबत न्यायला. अप्पांना लातूर सोडायचं नव्हतं. घर लख्ख करून ते दोघांना आणायला स्टँडवर गेले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, तेवढं पाणी बघा."

मी पाणी बघितलं. मग पेपर बघितला, शब्दकोड्यासकट.

घरी आल्या आल्या सुनेनं चहा टाकला. दूध घातलं, फाटलं. दुसऱ्यांदा टाकला, तोही फाटला. तिनं हंड्यातलं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मुलानं हात घालून विरघळत आलेला खडा वर काढला.

"अप्पा, तुमच्या ध्यानात ऱ्हाईना आता. चला नांदेडला."

अप्पांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हाव, माझाच हात चुकला," म्हणाले आणि आत पिशवी भरायला गेले.

मी मागोमाग गेलो. "अप्पा, खरं का नाही सांगितलं?"

"पोरांपुढं तुमचं हसं कशाला?" धोतराची घडी करत ते म्हणाले. "रोज सकाळी येऊन बसता. तेवढंच बोलायला मानूस हाय मला."

मी बाहेर येऊन सगळं कबूल केलं. शब्दकोडंही लपवलं नाही. सुनेनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली,

"अप्पांना ऱ्हाऊ द्या हितंच. एकटं सोडायजोगे न्हाईत ते अप्पा नव्हं, हे काका."