पुढचं दारात

घाडी सरांचं वाक्य जिथे सुरू होई, तिथे कधीच संपत नसे. कॉरिडॉरमध्ये आपल्याला पाहून ते म्हणत, "अरे, तुझ्या त्या बाटल्या..." आणि गप्प होत. "काय झालं सर बाटल्यांना?" असं विचारलं की बोट वर करून म्हणत, "पुढचं दारात." मग सर पुढे, आपण मागे. दोन जिने उतरून थंड खोलीपाशी पोचलं, की दार ढकलून ते वाक्य पूर्ण करत. "...फुटल्या."

परळच्या आमच्या संशोधन संस्थेत या सवयीला वैतागलेली माणसं पुष्कळ होती. गिरगावची क्लेरा डिसोझा आमची टेक्निशियन. ती म्हणायची, "या माणसाचं बोलणं म्हणजे टॅक्सी आहे, बाबा. कुठे चाललोय ते आत बसल्यावरही कळत नाही."

सरांच्या मते मात्र ही सवय नव्हती, शास्त्र होतं. त्यांचा विषयच तो. पेशीत प्रथिनं तयार होतात ती माळ ओवल्यासारखी, एकापुढे एक मणी. त्यांतली काही पेशीच्या पटलात बसायची असतात. पटल तेलकट, म्हणून हीसुद्धा जागोजागी तेलकट. पेशीतल्या पाण्यात त्यांना पूर्ण ओवून सोडलं तर त्यांचा चिकट गोळा होतो आणि ती कुठल्याच कामाची राहत नाहीत. म्हणून पेशी युक्ती करते. माळेचं पहिलं तेलकट टोक बाहेर डोकावलं, की एक सोबती कण ते पकडतो, ओवणं थांबवतो आणि ओवणाऱ्या यंत्रासकट सगळं पटलातल्या दारापाशी घेऊन जातो. तिथे तो हात सोडतो. ओवणं पुन्हा सुरू होतं आणि माळ ओवता ओवताच दारातून आपल्या जागी सरकते.

"चाळीच्या जिन्यावरून जोडलेलं कपाट वर जातं का रे?" सर विचारत. "फळ्या वर न्यायच्या, खोलीत जोडायचं. माणसं मात्र अख्खं वाक्य कुठेही जोडून मोकळी होतात. मग ते अडकतं जिन्यात!"

मी गंगाखेडचा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. संस्थेत रुजू झालो त्या दिवशी माझ्याकडे एक ट्रंक होती आणि राहायला जागा नव्हती. हे कोणाला सांगावं तेही कळेना. सरांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी राहायची..." ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी. भोईवाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी ट्रंक टेकवून ते धापा टाकत म्हणाले, "...सोय इथे." मला ते त्या दिवशी वेडे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत.

आमचे डायरेक्टर अगदी उलट. ते नेहमी पूर्ण वाक्यं बोलत, आणि त्यांचं एकही वाक्य कुठे पोचत नसे. एकदा अनुदान देणारी समिती आली होती. एका सदस्याने सरांना विचारलं, "या संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग काय?"

"याचा उपयोग..." सर म्हणाले आणि उठले.

समिती गोंधळली, पण मागोमाग निघाली. काहींच्या हातात समोसे होते. सर थेट डायरेक्टरांच्या केबिनमध्ये शिरले, कोपऱ्यातला छोटा फ्रीज उघडला आणि डायरेक्टरांच्या इंजेक्शनकडे बोट दाखवलं. "...हा. आपलं शरीर इन्सुलिन बनवतं, तेव्हा तेही याच दारातून जातं. दार चुकलं तर ते रक्तात पोचत नाही."

"आणि सामान्य माणूस?" सदस्याने विचारलं.

सरांनी नम्रपणे डायरेक्टरांकडे पाहिलं. अहवालात या प्रसंगाची नोंद 'स्थळपाहणी' अशी झाली.

सर निवृत्त व्हायची वेळ आली. डायरेक्टरांनी बैठकीत जाहीर केलं, "निरोप समारंभाला सपत्नीक यायचं. मॅडमचा सत्कार करू. मॅडमनी दोन शब्द बोलायचे."

"बायको माझी..." सर म्हणाले आणि थांबले.

आम्ही सवयीने उठून उभे राहिलो. सर जागचे हलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही एकेक करून परत बसलो. सरांनी वाक्य असं वाऱ्यावर सोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

सरांचं मन वळवायला डायरेक्टरांनी मला घोडपदेवला त्यांच्या घरी पाठवलं. दार सरांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं. "ये रे, बस. चहा ठेवते. ती जरा..." आणि त्या थांबल्या. हात तसाच हवेत. चेहऱ्यावर शब्द शोधण्याची धडपड. मी घाईने तोंड उघडणार तोच सरांनी डोळ्यांनी दटावलं. ते उठले, काकूंच्या कोपराखाली हात दिला आणि त्यांना सावकाश ओट्यापाशी नेलं. डब्याचं झाकण उघडलं.

"...साखर!" काकू म्हणाल्या आणि हसल्या.

"पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून असं होतं," सर हळू आवाजात म्हणाले. "शब्द निसटतो. वस्तूसमोर गेली की सापडतो. आपण पुरवला तर तिला राग येतो. चाळीत आधी लोक पुरवायचे, मागून हसायचेही. तिनं खाली उतरणंच सोडलं होतं."

"मग तुम्ही..." मी म्हणालो, आणि मलाही पुढचं सुचेना.

"घरात अर्धवट बोलणारी ती एकटीच का असावी? म्हणून मीही सुरू केलं. घरी एक, बाहेर एक केलं असतं तर तिला कळलंच असतं."

"आणि ते सोबती कणाचं शास्त्र?"

"ते खरंच आहे रे. पण ते मी त्याआधीही कित्येक वर्षं शिकवत होतो. तेव्हा पूर्ण वाक्यं बोलायचो." ते ओट्याकडे पाहत राहिले. "तिथे माइकवर तिचा शब्द अडकला आणि कोणी हसलं, तर ती परत या खोलीबाहेर पडणार नाही."

"मी येणार!" काकू आतून म्हणाल्या. "आणि ती निळी..." कपाट उघडल्याचा आवाज आला. "...पैठणी नेसणार!"

समारंभात डायरेक्टर बराच वेळ पूर्ण वाक्यांत बोलले. मग काकू माइकसमोर आल्या. हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत सर खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"आज मी ह्यांना..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

सर अर्धवट उठले. डायरेक्टर तत्परतेने माइककडे झुकले, "मॅडमना असं म्हणायचं आहे की..."

"शब्द पुरवू नका, सर," क्लेरा मागून म्हणाली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती उभी राहिली, पर्स खांद्याला लावली आणि नेहमीच्या वैतागाने म्हणाली, "चला. पुढचं दारात."

सगळा हॉल उठला. इतक्या वर्षांची सवय. कोणी हसलं नाही, कोणी कोणाकडे पाहिलंही नाही. काकू पाहतच राहिल्या. मग पदर सावरून स्टेजवरून उतरल्या आणि चालू लागल्या. मागे सर, त्यांच्यामागे शाल आणि नारळ घेऊन डायरेक्टर, मग आम्ही. काकू लायब्ररीपाशी थांबल्या नाहीत, कँटीनपाशी नाही, सरांच्या प्रयोगशाळेपाशीही नाही. फाटकाशी आल्या. वॉचमन गडबडून उभा राहिला. बाहेर रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते.

काकूंनी रस्त्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"...घरी नेते," त्या म्हणाल्या.

टाळ्या वाजवायचं कोणालाच सुचलं नाही. सर वळले. आमच्याकडे पाहिलं, इमारतीकडे पाहिलं. "तुम्ही सगळ्यांनी..." म्हणाले, आणि ओठ नुसते हलत राहिले. आम्ही थांबलो. पण या वेळी आम्हाला न्यायला त्यांच्याकडे या इमारतीतलं एकही दार उरलं नव्हतं.

काकूंनी त्यांच्या कोपराखाली हात दिला.

"चला," त्या म्हणाल्या. "पुढचं दारात."